मार्गारेट पोल: ओंडक्याभोवतीची पळापळ आणि त्याआधीचे कागद

प्रश्न असा आहे: इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने १५४१ मध्ये ६७ वर्षांच्या मार्गारेट पोलचं, म्हणजे सॉल्सबरीच्या काउंटेसचं, डोकं का उडवलं? आणि ती ओंडक्याभोवती पळत सुटली, जल्लाद कुऱ्हाड घेऊन मागे धावला, अकरा घाव घालावे लागले, ही गोष्ट कितपत खरी?

गोष्टीचं आधी उरकून टाकू. घाव चुकले आणि मरण फार वाईट आलं, हे खरं. ती पळाली असं मात्र त्या वेळच्या परदेशी वकिलांच्या, म्हणजे राजदूतांच्या, पत्रांत कुठेच नाही. या पळापळीच्या चित्रामागे जास्त भयंकर बाजू झाकली जाते, ती ही की या बाईवर कधी खटलाच चालला नाही. तिच्या मृत्यूचा हुकूम दोन वर्षं आधी कायदा म्हणून मंजूर होऊन पडला होता. तारीख तेवढी घालायची राहिली होती.

नावापासून सुरुवात करावी लागते, कारण पहिली गल्लत तिथेच होते. लिहितात पोल, पण उच्चार ‘पूल’. आणि हे पोल म्हणजे सफोकचे ‘द ला पोल’ नव्हेत. दोन्ही घराण्यांत यॉर्क या आधीच्या राजघराण्याचं रक्त होतं, दोन्ही ट्यूडरांच्या, म्हणजे हेन्रीच्या घराण्याच्या, डोळ्यांवर आली, त्यामुळे वंशावळ मांडताना एकाची माणसं दुसऱ्यात सर्रास घुसतात. मार्गारेटच्या बाबतीत तर पोल हे सासरचं नाव. माहेरची ती प्लँटॅजेनेट, म्हणजे जुन्या राजवंशातली. चौथा एडवर्ड आणि तिसरा रिचर्ड हे दोन राजे तिचे सख्खे चुलते. आठव्या हेन्रीची आई एलिझाबेथ तिची चुलत बहीण, म्हणजे आपल्या हिशेबाने मार्गारेट हेन्रीची मावशीच लागत होती. हे नातं ध्यानात ठेवलं की पुढचं बरंच आपोआप उलगडतं.

तिचा जन्म १४ ऑगस्ट १४७३ चा, सॉमरसेटमधल्या फार्ली किल्ल्यातला. आई इसाबेल १४७६ च्या डिसेंबरात गेली. वडील जॉर्ज, क्लॅरेन्सचे ड्यूक, यांना फेब्रुवारी १४७८ मध्ये सख्ख्या भावाच्या, म्हणजे चौथ्या एडवर्डच्या, हुकमाने लंडनच्या टॉवर या किल्ल्यात मारलं. मामझी दारूच्या पिंपात बुडवून मारलं ही कथा त्यांचीच. चौथ्या वर्षी पोरकी झालेल्या या मुलीला एक धाकटा भाऊ होता, एडवर्ड, वॉरिकचा अर्ल. १४८५ मध्ये सातव्या हेन्रीने गादी जिंकली तेव्हा हा मुलगा दहा वर्षांचा होता. त्याला टॉवरमध्ये टाकलं ते चौदा वर्षं. २८ नोव्हेंबर १४९९ ला तोतया वारसदार पर्किन वॉरबेकबरोबर कट केल्याच्या आरोपावरून टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला. आरागॉनची कॅथरिन सून म्हणून इंग्लंडात यायची होती, आणि गादीवर हक्क सांगू शकणारा असा मुलगा जिवंत असणं तिच्या माहेरच्यांना आणि सासरच्यांना, दोघांनाही अडचणीचं होतं. पुढे हीच कॅथरिन मार्गारेटची जिवाभावाची मैत्रीण झाली.

मुलगी असल्यामुळे मार्गारेटला तुरुंगात टाकायची गरज नव्हती. तिचं लग्न लावून दिलं की भागत होतं. नवरा सर रिचर्ड पोल. त्याची आई राजमातेची सावत्र बहीण, म्हणजे माणूस घरचा आणि विश्वासातला, पण फार मोठा नाही. यॉर्कच्या मुलीला अशा घरी देण्यामागे हिशेब उघड आहे: तिची मुलं उमराव म्हणून डोकं वर काढणार नाहीत. पाच मुलं मोठी झाली: हेन्री, आर्थर, रेजिनाल्ड, जेफ्री आणि मुलगी उर्सुला. रिचर्ड गेल्यावर मार्गारेट अडचणीत आली आणि काही काळ सायनच्या मठात जोगिणींबरोबर राहिली.

१५०९ मध्ये आठवा हेन्री गादीवर आला आणि वारं फिरलं. १५१२ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने तिला सॉल्सबरीचं अर्लपद आणि भावाच्या जप्त जमिनींपैकी मोठा वाटा परत मिळाला. फुकट नव्हे, राजाने त्यासाठी ५००० मार्क घेतले. (मार्क हे नाणं नव्हतं, हिशेबाचं एकक होतं: १३ शिलिंग ४ पेन्स.) सोळाव्या शतकाच्या इंग्लंडात नवऱ्याच्या पदवीशिवाय स्वतःच्या हक्काने उमराव झालेल्या बायका दोनच, एक ही आणि दुसरी पेम्ब्रोकची पदवी मिळालेली, हेन्रीची दुसरी राणी ॲन बोलिन. दोघींचाही शेवट टॉवरमध्ये, एकाच राजाच्या हुकमाने.

मार्गारेट जमिनीच्या व्यवहारात पक्की होती. हॅम्पशरमध्ये वॉर्ब्लिंग्टनला तिने विटांचा मोठा वाडा बांधला. अटकेच्या सुमारास ती राज्यातल्या सर्वांत श्रीमंत पाच उमरावांत मोडत होती. कॅनफर्डच्या जमिनीवरून ती राजाशीही भांडली. हेन्री आणि कॅथरिन यांची मुलगी राजकुमारी मेरी हिच्या दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतरच्या ख्रिस्ती संस्काराच्या) विधीत ती धर्ममाता झाली, १५२० मध्ये मेरीची पालकही. पुढच्या वर्षी उर्सुलाचे सासरे, बकिंगहॅमचे ड्यूक, राजद्रोहाखाली मारले गेले तेव्हा हे पद गेलं. १५२५ पर्यंत पुन्हा मिळालं.

बिघाड १५३३ मध्ये झाला, आणि तो दागिन्यांवरून. राजाने मेरीचे जडजवाहीर आणि किमती भांडी परत मागवली. मार्गारेटने दिली नाहीत. मेरीचं घर मोडलं तेव्हा स्वतःच्या खर्चाने तिच्यासोबत राहायची तयारी दाखवली. राजाने तेही नाकारलं. १५३५ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सचा वकील शापुई याने मेरीला पुन्हा काउंटेसकडे ठेवावं असं सुचवलं, तेव्हा हेन्री म्हणाला की ती बाई मूर्ख आहे, तिला कसलाच अनुभव नाही. वर्षानुवर्षं आपल्या मुलीला जिच्या हवाली केलं तिच्याबद्दलचं हे मत!

पण मानेवर सुरी आणली ती मुलाने. रेजिनाल्ड हा कुटुंबातला विद्वान, राजाच्या पैशाने पाडुआत शिकलेला. कॅथरिनला सोडण्याच्या, म्हणजे घटस्फोटाच्या, प्रकरणात राजाची बाजू घ्यायची नाही म्हणून १५३२ मध्ये तो देश सोडून गेला. मे १५३६ मध्ये त्याने हेन्रीला एक लांबलचक लॅटिन ग्रंथ लिहून पाठवला. राजाने मत मागवलं होतं. आलं ते आरोपपत्र. आईने आणि थोरल्या भावाने पत्रांतून त्याची कानउघाडणी केली. त्या पत्रांतला राग मनापासूनचा की दरबारला दाखवायला, यावर वाद घालता येतो. माझ्या मते दोन्ही. त्याच वर्षी डिसेंबरात पोपने त्याला कार्डिनल केलं, आणि १५३७ मध्ये इंग्लंडातल्या बंडखोरांच्या मदतीची आशा धरून आपला प्रतिनिधी म्हणून रवाना केलं. रेजिनाल्ड हाती लागत नव्हता. घरचे होते.

२९ ऑगस्ट १५३८ ला धाकटा जेफ्री पकडला गेला. घरातला सर्वांत कच्चा दुवा तोच. दोन महिने कोठडीत ठेवून २६ ऑक्टोबरपासून त्याची चौकशी सुरू केली. त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, फसला, आणि मग बोलला. तो जे बोलला त्यात कट फारसा नाही, जेवणानंतरच्या कुजबुजी आहेत. थोरला भाऊ हेन्री, लॉर्ड माँटेग्यू, म्हणाला होता की राजा एक दिवस अचानक मरेल, त्याचा दुखरा पायच त्याला मारेल. पण १५३४ च्या कायद्याने राजाचं वाईट चिंतणारे शब्दही राजद्रोहात बसत होते, त्यामुळे एवढं पुरेसं होतं. माँटेग्यू आणि एक्झेटरचा मार्क्विस यांच्यावर डिसेंबराच्या सुरुवातीला खटले चालले आणि दोघांचीही डोकी गेली. जेफ्रीला माफी मिळाली.

आईची चौकशी वॉर्ब्लिंग्टनलाच झाली, १२ नोव्हेंबर १५३८ पासून. चौकशी करणारे दोघे: साउथॅम्प्टनचा अर्ल विल्यम फिट्झविल्यम आणि इलीचा बिशप गुडरिच. त्यांनी राजाचा मुख्य मंत्री क्रॉमवेल याला लिहिलेली पत्रं वाचण्यासारखी आहेत. गोड बोलून पाहिलं, दरडावून पाहिलं, तिला आणि तिच्या मुलांना तोंडावर गद्दार म्हणून पाहिलं. बाई काही कबूल करेना. शेवटी वैतागून त्यांनी लिहिलं की हिला बाई म्हणण्यापेक्षा खंबीर, अढळ पुरुष म्हणावं. तिला ससेक्समध्ये फिट्झविल्यमच्याच काउड्रे वाड्यात नेऊन ठेवलं. तिथे घरधन्याच्या बायकोची तक्रार वेगळीच: नवरा घरी नसेल तर मी या बाईबरोबर इथे राहणार नाही.

आता कायद्याचा भाग. इथे घाई करू नका. उमराव स्त्रीवर राजद्रोहाचा आरोप असेल तर १४४२ च्या कायद्याप्रमाणे तिचा न्याय उमरावांच्याच समोर व्हायला हवा होता. त्यासाठी साक्ष लागते, कबुली लागते, निदान कोणी ऐकलेलं वाक्य लागतं. मार्गारेटविरुद्ध यातलं काहीच नव्हतं. जेफ्रीने भावाला बुडवलं, आईला बुडवेल असं काही सांगितलं नाही. मग वापरला तो ‘अटेंडर’. हा एक विधेयकाचा प्रकार: अमुक माणूस राजद्रोही आहे, असं पार्लमेंटच ठरवून टाकतं. उमरावांच्या सभागृहात तीन वाचनं, मग कॉमन्स हे खालचं सभागृह, मग राजाची संमती. आरोपीला बोलावायची गरज नाही. नाव एकदा कायद्यात आलं की जमीन, पदवी, वारसांचे हक्क सगळं जप्त, आणि देहदंड राजाच्या मर्जीवर. पुढे कायदेपंडित एडवर्ड कोकने लिहून ठेवलं आहे की क्रॉमवेलने न्यायाधीशांना आधी विचारून घेतलं होतं: आरोपीला न ऐकता केलेला अटेंडर टिकेल का? न्यायाधीश म्हणाले, प्रश्न धोक्याचा आहे, पार्लमेंटने असं करू नये. पण केलंच तर ते टिकेल. जून १५४० मध्ये क्रॉमवेल स्वतः याच वाटेने गेला.

मे १५३९ मध्ये ते विधेयक आलं. त्याच्या यादीत मेलेला माँटेग्यू होता, परदेशातला रेजिनाल्ड होता आणि कोठडीतली मार्गारेट होती. १२ मे रोजी क्रॉमवेलने सभागृहात एक वस्तू दाखवली: काउंटेसच्या पेटीत सापडला म्हणून सांगितलेला पांढऱ्या रेशमाचा अंगरखा. एका बाजूला इंग्लंडचे सिंह, भोवती पॅन्सी आणि मॅरीगोल्डची फुलं. दुसऱ्या बाजूला ख्रिस्ताच्या यातनांची चिन्हं, म्हणजे उत्तरेत जुन्या कॅथलिक धर्मासाठी झालेल्या १५३६ च्या बंडाची आठवण. (हे मॅरीगोल्ड म्हणजे आपला झेंडू नव्हे, तो मूळचा मेक्सिकोचा, इंग्लंडातलं ते जुनं फूल म्हणजे कॅलेंड्युला.) पॅन्सी पोल घराण्याची, मॅरीगोल्ड मेरीचं, अर्थ असा लावला की रेजिनाल्डचं मेरीशी लग्न लावून जुना धर्म परत आणायचा बेत होता. हे वाटतं तितकं हास्यास्पद नव्हतं, कारण कार्डिनल असूनही रेजिनाल्डने तोवर पुरोहितपदाची दीक्षा घेतली नव्हती. खटकते ती वेळ. वाड्याची झडती नोव्हेंबरात झाली होती. असा अंगरखा तेव्हा हाती लागला असता तर दिवसरात्र चौकशी करून हात चोळत बसलेल्या फिट्झविल्यमने तो त्याच दिवशी तिच्यासमोर धरला असता. सहा महिन्यांनी, नेमका विधेयकाच्या दिवशी उगवलेला पुरावा म्हणून त्याच्याकडे पाहावं.

मग दोन वर्षं काहीच झालं नाही. नुसत्या शिरच्छेदाच्या गोष्टी वाचणाऱ्यांकडून हाच भाग हमखास सुटतो. तिला टॉवरमध्ये आणलं. माँटेग्यूचा लहान मुलगा हेन्रीही तिथेच होता. १ मार्च १५४१ ला प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाने, राणी कॅथरिन हॉवर्डच्या शिंप्याला तिच्यासाठी कपडे शिवायला सांगितले. यादी अशी: फरचं अस्तर लावलेला एक झगा, सॅटिन लावलेला दुसरा, वूस्टेड लोकरीचा एक लांब पोशाख, फरचा परकर, कपाळपट्टीसह एक टोपी, चार जोड मोजे, चार जोड बूट, एक जोड सपाता. खर्च ११ पौंड १६ शिलिंग ४ पेन्स. चार जोड बूट! तीन महिन्यांत मारायच्या माणसाला कोणी चार जोड बूट शिवत नाही. मार्चमध्ये तिला मारायचं ठरलेलं नव्हतं, हे या यादीइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

एप्रिलमध्ये यॉर्कशरात वेकफील्डजवळ सर जॉन नेव्हिलचा कट उघडकीला आला. पोल कुटुंबाचा त्याच्याशी संबंध कोणी दाखवला नाही. पण हेन्री उन्हाळ्यात पहिल्यांदाच उत्तरेच्या दौऱ्यावर निघणार होता, आणि मागे लंडनमध्ये यॉर्कच्या रक्ताची कैदी जिवंत ठेवायची नव्हती. कायदा तयार होताच.

२७ मे १५४१, सकाळचे सात. याबद्दलचे दोन समकालीन कागद महत्त्वाचे, दोन्ही परक्या वकिलांचे. फ्रेंच वकील मारियाक २९ मेला लिहितो की टॉवरच्या एका कोपऱ्यात, इतक्या थोड्या लोकांसमोर हे झालं की संध्याकाळपर्यंत लोकांना खरं वाटत नव्हतं. शापुईचं पत्र १० जूनचं आणि सविस्तर. तो लॉर्ड मेयर आणि सुमारे १५० माणसं हजर होती असं सांगतो. मारियाक तिचं वय ऐंशीच्या वर सांगतो, शापुई जवळजवळ नव्वद. दोघेही चुकले, म्हणजे दोघेही ऐकीव लिहीत होते, हे विसरू नये.

शापुई काय सांगतो? शिक्षा कळवल्यावर तिला नवल वाटलं, कारण गुन्हा काय आणि शिक्षा कधी झाली हेच तिला माहीत नव्हतं. मग ती चालत आली. मचाण नव्हतं, नुसता एक लहान ओंडका. तिने राजा, राणी आणि युवराजासाठी प्रार्थना करायला सांगितलं, आणि सर्वांत जास्त मेरीसाठी. तिला घाई करायला सांगितलं, मान ठेव म्हटलं, आणि तिने ठेवली. नेहमीचा जल्लाद उत्तरेत होता, त्याच्या कामावर. त्याच्या जागी एक अडाणी, धांदरट पोरगा दिला होता, आणि त्याने तिचं डोकं आणि खांदे अक्षरशः तोडून काढले. ज्या कटामुळे तिला मारायचं ठरलं, त्याच्याच निस्तरणीसाठी कामाचा माणूस उत्तरेला गेलेला होता.

असं का बिघडतं, हे समजून घ्यायला ॲन बोलिनचा शिरच्छेद शेजारी ठेवा. तिच्यासाठी १५३६ मध्ये कॅलेहून तलवारीचा माणूस आणला, त्याला २३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स दिले. तलवारीला ओंडका लागत नाही. माणूस गुडघ्यावर ताठ बसतो, मान मोकळी असते, लांब धारदार पातं आडवं कापत जातं. इंग्लिश कुऱ्हाड कापत नाही, वजनाने तोडते. त्यासाठी मानेखाली टणक आधार हवा, मान ताणलेली हवी, आणि मारणाऱ्याचा हात बसलेला हवा. ओंडका बुटका असेल तर माणसाला जवळजवळ पालथं पडावं लागतं, खांदे मानेच्या रेषेत येतात, आणि घाव दोन बोटं सरकला की कवटीवर नाहीतर खांद्यावर बसतो. शापुईने ‘डोकं आणि खांदे’ लिहिलंय ते यात चपखल बसतं. इंग्लंडात रोजचं काम फाशीचं. शिरच्छेद उमरावांपुरता, वर्षाला मोजका. बदली पोराला सराव कुठून असणार?

आता पळापळ. तिचं मूळ लॉर्ड हर्बर्टने लिहिलेल्या आठव्या हेन्रीच्या इतिहासात, १६४९ चं, म्हणजे घटनेनंतर शंभरावर वर्षांनी. त्यात ती मान ठेवायला नकार देते, ‘हे गद्दारांनी करावं, मी गद्दार नाही’ म्हणते, आणि पांढरं डोकं इकडेतिकडे फिरवत ‘हवं तर घे कसंही’ असं जल्लादाला सांगते. पळण्याचा तिथेही उल्लेख नाही. डोकं फिरवण्याचं पळणं आणि पळण्याचे अकरा घाव नंतरच्या सांगणाऱ्यांनी केले. बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक ज्याला ठाऊक आहे त्याला हे नवं नाही: शापुई ‘तिने मान ठेवली’ म्हणतो, तोच धरावा. कोठडीच्या भिंतीवर कोरलेली म्हणून ‘मी गद्दार नाही’ ही कविता फिरते, तिचाही या दोन पत्रांत मागमूस नाही.

तिला टॉवरमधल्याच सेंट पीटर ॲड विंक्युला चॅपेलमध्ये पुरलं. नातू हेन्री कोठडीतच होता. १५४२ नंतर कागदांतून त्याचं नाव नाहीसं होतं. रेजिनाल्ड मेरी राणी झाल्यावर परतला, १५५६ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि १७ नोव्हेंबर १५५८ ला, मेरी गेली त्याच दिवशी, वारला. पोप तेराव्या लिओने २९ डिसेंबर १८८६ ला मार्गारेटला ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर वॉर्ब्लिंग्टनला तिच्या वाड्याच्या दरवाजाचा एकच बुरूज उभा आहे. क्राइस्टचर्चच्या प्रायरीत, म्हणजे मठाच्या चर्चमध्ये, तिने स्वतःच्या दफनासाठी फ्रान्समधल्या कां शहराच्या दगडात बांधून घेतलेलं छोटं चॅपेल जास्त बोलकं आहे. १५३९ च्या डिसेंबरात राजाच्या आयुक्तांनी क्रॉमवेलला कळवलं की तिथली घराण्याची सगळी चिन्हं आम्ही छिलून टाकली आहेत. ती तेव्हा टॉवरमध्ये जिवंत होती. छतावरच्या छिललेल्या खुणा अजून दिसतात. आत कोणी पुरलेलं नाही.